दादा घरी येतोय म्हणून

प्रिय दिनू,

शनिवारी दादाला डिस्चार्ज मिळणार हे सांगताना तुझा आवाज किती मोकळा झाला होता! तेव्हा फोनवर बोलवेना, म्हणून हे पत्र.

तू विचारलंस, "बावीस दिवस बिडी नाही, आता सुटलीच ना?" सुटलेली नाही रे. वॉर्डात मिळत नव्हती, एवढंच. अंगातली तलफ दोन-चार आठवड्यांत उतरते. पण चहानंतरची बिडी, रिकाम्या दुपारची बिडी, टपरीवरच्या मंडळींसोबतची बिडी, ती तर घरी आल्यावरच समोर येणार.

मी ब्रदर म्हणून लागलो तेव्हा आमच्या मानसिक आजाराच्या वॉर्डात आंघोळ केली की एक बिडी, मुकाट गोळ्या घेतल्या की एक, असा रिवाज होता. मीही दिल्यात. "त्यांना तेवढंच सुख" असं सगळेच म्हणायचे. आज त्याची शरम वाटते. तीव्र मानसिक आजाराची माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं लवकर जातात, आणि त्यात हृदय-फुप्फुसांच्या दुखण्यांचा वाटा मोठा असतो. त्यांच्या हातात बिडी आम्ही ठेवत होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दादाला क्लोझापाइन, म्हणजे त्याच्या मानसिक आजारावरचं औषध, चालू आहे. बिडीच्या धुरातल्या रसायनांमुळे यकृत हे औषध भराभर संपवतं. निकोटिनमुळे नव्हे, धुरामुळे. त्याचा आत्ताचा डोस बिडी बंद असताना बसवलेला आहे. घरी येऊन तो पुन्हा ओढायला लागला तर तीच गोळी कमी पडेल, नसलेले आवाज परत ऐकू येतील आणि सगळे म्हणतील, "गोळ्या लागू पडत नाहीत." उलट, ओढत असताना डोस वाढवला आणि मग बिडी एकदम सुटली, तर औषध अंगात साठतं. गुंगी येते, लाळ गळते, कधी फिटही येते. म्हणून सुटली तरी, लागली तरी डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांग. डोस मात्र आपल्या मनाने हलवू नकोस. आणि दादाने लपवू नये असं वाटत असेल तर काकूंना म्हणावं, रागावू नका.

निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगमबद्दल डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांशी बोल. गम सारखा चघळायचा नसतो. थोडा चावून झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा. त्याच्या आधी पाव तास चहा नको. बिडी सोडायला व्हॅरेनिक्लिन नावाचं औषधही आहे. मानसिक रुग्णांना ते झेपणार नाही अशी भीती होती. पण 2016 मध्ये आठ हजारांवर लोकांचा मोठा अभ्यास आला, त्यातल्या निम्म्यांना मानसिक आजार होता पण तो स्थिर होता, आणि त्या औषधाने मनाचे त्रास फारसे वाढलेले दिसले नाहीत. दादाला चालेल का, ते डॉक्टरच ठरवतील. 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी नंबर फुकट आहे, तोही लिहून ठेव.

एखादी बिडी ओढलीच, तर "गेलं सगळं पाण्यात" म्हणू नकोस. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करायचं. लोक चार-पाचदा प्रयत्न करून सोडतात, मी बघितलंय.

शनिवारी मला सुट्टी आहे. मी दवाखान्यात येतो. स्टँडकडून आलो तर ती टपरी लागते, आपण दादाला मागच्या रस्त्याने, नदीकडून घरी नेऊ. वहिनींना सांग, दुपारी भाकरी मीही खाणार आहे.

तुझाच,
वश्या