मक्याच्या आजोबांचं घर

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा आईच्या गुडघ्यावर आणि बाबांच्या शुगरवर बोलून फोन ठेवला. म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळता, मला माहीत आहे.

आम्ही शिकागो सोडलं. मक्याच्या आजोबांच्या, म्हणजे तुमच्या जावयाच्या आजोबांच्या घरी, आयोवात, राहायला येऊन आज तीन आठवडे झाले. म्हणजे पुढच्या वर्षी बार्शीला कायमचं यायचं जे ठरलं होतं, ते आता होणार नाही. हे वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले.

आई, तू लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. आधी सगळं ऐक.

नोव्हेंबरात आजोबा गेले तेव्हा मका काढून झाला होता. चौऱ्याण्णव वर्षांचे होते. पुढचा प्रश्न जमिनीचा. तुमच्या जावयाच्या दोन्ही आत्यांना विकायची होती आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एकराला दहा हजार डॉलरच्या वर भाव आहे आणि दोघींनी सत्तरी ओलांडली आहे. पण इकडे विकलेल्या शेतातलं घर राहत नाही. बुलडोझर येतो, घर पाडतो, भोवतालची झाडं उपटतो आणि पुढच्या मे महिन्यात तिथे मका असतो. अशी मोडलेली घरं तुम्ही २०१७ मध्ये रस्त्याने पाहिलीत, तेव्हा विचारलंही होतंत की माणसं कुठे गेली. आत्यांनी तीन वर्षांची मुदत दिली आहे. तेवढ्यात जमीन चालवून दाखवायची, हप्त्याने त्यांचा वाटा द्यायचा. १ मार्चला सह्या झाल्या. इथे शेतीचं साल त्या तारखेला बदलतं, आपल्याकडे सालगड्याचं पाडव्याला बदलतं तसं.

बाबा, तुम्ही विचाराल, दुसऱ्याच्या जमिनीचा एवढा कळवळा कशाला? त्याचं उत्तर तुमच्यापाशीच आहे. त्या दिवशी ओढ्यावर तुम्ही आणि आजोबा उभे होतात आणि मी मध्ये दुभाषी होते.

आठवतं ना? त्यांनी तुम्हाला टाइल दाखवायला नेलं होतं. इथली जमीन मुळात दलदल. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून माणसांनी तीन-चार फूट खोल चर खणून फूटफूट लांबीच्या मातीच्या नळ्या एकापुढे एक मांडल्या, जमिनीतलं पाणी ओढ्यात काढून दिलं, तेव्हा कुठे ती पिकायला लागली. तुम्ही म्हणालात, "पाणी बाहेर घालवायला पैसे खर्च करतात?" मग खाली बसलात, नळीच्या तोंडाशी हात धरलात आणि बराच वेळ काढला नाहीत. आपली विहीर सत्तर फूट गेली तरी कोरडी होती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी सत्तर हा आकडा मला दोनदा विचारला.

मग तुम्ही १९७२ च्या दुष्काळाचं काढलंत. खडी फोडायला आजीबरोबर जायचात, सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेची मिलो, म्हणजे लाल ज्वारी. ते म्हणाले, मिलो आमच्याकडची नाही, तिकडे कोरड्या मुलखात होते, कॅन्सस-टेक्ससकडे. थोड्या वेळाने विचारलं, चवीला कशी होती? तुम्ही म्हणालात, भाकरी थापली की फुटायची, पण खाल्ली. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या नातवानेही कधी ऐकलं नव्हतं. १९३२ च्या हिवाळ्यात मक्याला बुशेलमागे, म्हणजे आपल्या पंचवीस किलोला, दहा-बारा सेंट मिळत होते. कोळसा त्याहून महाग. त्यांच्या आईने चुलीत मका जाळला. ते दोन वर्षांचे होते, त्यांना आठवत नव्हतं, पण आई म्हातारपणीही कणीस शेगडीजवळ ठेवू द्यायची नाही. हे सांगताना ते तुमच्याकडे बघत नव्हते. मी भाषांतर करत होते आणि माझा आवाज फुटत होता.

आता त्यांची वही माझ्या हातात आहे. बियाण्याच्या दुकानातून मिळायची तसल्या खिशातल्या छोट्या वह्या, सत्तरच्या वर. रोज एक ओळ, कधी दोन: तापमान, पाऊस, काय पेरलं, कोण आलं. त्या दिवशीची ओळ अशी आहे: "पाऊस नाही. भारतातला शेतकरी आला होता. माती हातात घेऊन बघतो." बाबा, त्यांनी वहीत कोणाबद्दल एवढं लिहिलेलं मला अजून दुसरं सापडलेलं नाही.

वह्या वाचते आहे तशी तो माणूस मला आता नव्याने कळतो आहे. लहानपणी मका हाताने काढायचे. हातमोज्याला लोखंडी आकडा, त्याने पाला फाडायचा, कणीस मोडायचं आणि गाडीत फेकायचं. गाडीच्या पलीकडच्या अंगाला उंच फळी असायची, कणीस तिच्यावर आपटून आत पडायचं. घोडे नुसत्या हाकेवर पुढे सरकायचे. चांगला गडी दिवसाला शंभर बुशेल काढी. आजोबांनी सतराव्या वर्षी नव्वद काढले होते आणि उरलेल्या दहांची खंत ते नव्वदीतही बोलून दाखवत. वीज १९३९ ला आली. सरकारने त्याआधी तीन वर्षं खेड्यांच्या विजेचा कायदा केला होता आणि शेतकऱ्यांनी पाच-पाच डॉलर भरून सहकारी वीज संस्था काढल्या, आपल्या कारखान्यांसारख्याच. त्यांच्या वडिलांनी गोठ्यातला कंदील तरी आठ दिवस पेटताच ठेवला, बल्बवर भरवसा नाही म्हणून. आपल्या वस्तीवर वीज आली तेव्हा आजीने चिमणी विझवली नव्हती, आठवतं?

१९५९ च्या सप्टेंबरात रशियाचे ख्रुश्चेव्ह इथून जवळच कून रॅपिड्सला रॉस्वेल गार्स्ट यांच्या शेतावर संकरित मका बघायला आले, तेव्हा आजोबा रस्त्याच्या कडेला उभे होते. वहीत एवढंच: "रशियन आला. टक्कल." बाबा, तुमच्या माहितीसाठी: जालन्याच्या बियाणेवाल्या बद्रीनारायण बारवाल्यांना १९९८ साली मिळालेलं वर्ल्ड फूड प्राइझ याच राज्यातून, डी मॉइनहून देतात. कधीतरी तुम्हाला तिथे घेऊन जाईन.

पण मी ज्या वह्यांपाशी अडकले त्या १९८० नंतरच्या. सत्तरच्या दशकात सगळे सांगत होते, जमीन घ्या, बांधापासून बांधापर्यंत पेरा. तुमच्या जावयाच्या वडिलांनी शेजारचे ऐंशी एकर कर्ज काढून घेतले. मग रशियाला धान्य विकायची बंदी आली, व्याज वीस टक्क्यांकडे गेलं. १९८१ मध्ये आयोवात एकराचा सरासरी भाव २,१४७ डॉलर होता. १९८६ मध्ये ७८७. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी कोर्टासमोरच्या हिरवळीवर पांढरे क्रूस रोवले, बुडालेल्या शेतांसाठी. आजोबांनी गाई विकल्या, ते ऐंशी एकर गेले, मुलगा शहरात नोकरीला गेला आणि पुन्हा नांगराला शिवला नाही. बापलेक त्यावर कधीच बोलले नाहीत. त्याच हिवाळ्यात शेजाऱ्याच्या अवजारांचा लिलाव झाला आणि वहीत जानेवारीपासून एप्रिलपर्यंत रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन आल्याची एकच नोंद आहे: "पत्ते." एकही दिवस चुकलेला नाही. हिमवादळात रस्ता बंद होता त्या दिवशीही "पत्ते, पायी." नातवाला वाटायचं आजोबांना पत्त्यांचा नाद होता.

२००६ च्या उन्हाळ्यात तुम्ही धाकट्या काकांच्या ओट्यावर रोज जाऊन बसायचात. मी चिडायचे, माझी परीक्षा होती आणि तुम्ही घरी नसायचात. तेव्हा कळलं नव्हतं, बाबा. चुकलं माझं.

आणि आता ते, जे बोलायचं नाही असं आपलं ठरलं आहे. विहिरीकडचा तुकडा. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकले, इथे आयोवात एम्सच्या विद्यापीठात आले, ते त्या तुकड्यावर. तुम्ही एकदाही बोलून दाखवलं नाहीत. मग मी इथे बसून दुसऱ्या घराण्याची एकशे साठ एकर राखायला निघाले, हे तुमच्या मनात येणारच. माझ्या मनात रोज येतं. सकाळी खिडकीतून काळी जमीन दिसते आणि मला वाटतं मी तुमच्याकडून काहीतरी घेऊन भलत्या ठिकाणी ठेवून आले. याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगते की जे तुम्ही विकून मला दिलंत, ते मला शहरातल्या कचेरीत बसून वापरता येत नव्हतं. इथे येतं.

कसं, ते ऐका. टाइलच्या पाण्याबरोबर खतातलं नायट्रेट रॅकून नदीत जातं आणि तेच पाणी डी मॉइन शहर पितं. त्यांना नायट्रेट काढायचं वेगळं यंत्र बसवावं लागलं. उपाय सोपा आहे. मका काढल्यावर जमीन उघडी न टाकता राय, म्हणजे गव्हासारखं थंडीत टिकणारं धान्य, पेरायची, हिवाळाभर मुळं जमिनीत राहतात आणि नायट्रेट धरून ठेवतात. मी आजोबांना हे चार वर्षं सांगत होते. ते नाही म्हणायचे, कारण वसंतात जमीन काळी दिसली पाहिजे, हिरवी दिसली तर शेजारी आळशी म्हणतात. मग २०२० च्या ऑगस्टमधलं ते वादळ झालं, अख्खा मका आडवा, धान्याच्या कोठ्या चेंबलेल्या. ते नव्वद वर्षांचे, काठी टेकत बांधावर गेले, आले आणि मला म्हणाले, वीस एकर घे, तुझी राय कर. पुढच्या मेमधली नोंद आहे: "राय बरी आहे. मातीला वास आहे." बाबा, तो माणूस मला वीस एकर देऊन गेला. ते बाकीच्या एकशे चाळीसांपर्यंत नेल्याशिवाय मला उठता येणार नाही.

आई, आता तुझ्या काळजीचं. घर थंड नाही. तळघरात भट्टी आहे, प्रोपेनची टाकी भरलेली आहे, शिवाय लाकडाची शेगडी. जेफरसन बारा मैलांवर, तिथे दवाखाना आहे, वाणसामान आहे. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, चिंच एम्सहून आणते, महिन्यातून एकदा. देऊळसुद्धा आहे, मॅड्रिड नावाच्या गावाजवळ, तासाभराच्या वाटेवर. चिऊला घेऊन पाडव्याला जाणार आहोत. शेजारीण रोज फोन करते आणि बर्फ पडलं की तिचा मुलगा न सांगता ट्रॅक्टर घेऊन वाट मोकळी करून जातो. चिऊची शाळेची बस दारात येते. खालची खोली तुमच्यासाठी ठेवली आहे: जिना नाही, बाथरूम लागून, कमोडजवळ धरायला दांडा लावून घेतला, खिडकी पूर्वेला. आजोबांची खुर्ची तिथेच आहे. बाबांना ती बसायला बरोबर होईल, दोघांची उंची सारखी.

काल रात्री वारा फार होता. घर करकरत होतं. मला वस्तीवरचं पत्र्याचं छप्पर आठवलं, पावसाळ्यात तू मला पदराखाली घेऊन "वाजतंय ते देवाचं जातं आहे" म्हणायचीस. मी चिऊला तेच सांगितलं. ती लगेच झोपली. मला मात्र तू हवी होतीस.

बरं, आता माझं ऐकायचं. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, जेवणानंतर आठवेल तेव्हा नाही. मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलू नका. एप्रिलचा पंधरवडा ठरवा, मामेभावाला मी गाडीसाठी सांगून ठेवलं आहे. टाकीत किती पाणी आहे बघायला शिडीवर चढायचं नाही. चढलात हे मला शेजारच्या काकू सांगतात. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. धुणं-भांड्याची बाई चार दिवस आली नाही तर भांडी तशीच राहू देत. उन्हाळ्यात दुपारी वैरागला जायचं नाही, वाटेकऱ्याला फोनवर विचारा. आणि उरलेल्या तीन एकरांना हात लावू नका. माझ्यासाठी, चिऊसाठी, कोणासाठीही नाही. पैशाची अडचण आली तर आधी मला सांगायचं, लाजायचं नाही.

रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला. दिवाळीच्या आधी मी येते आहे, तीन आठवड्यांसाठी, चिऊला घेऊन. तिकीट काढलं आहे, हे नुसतं बोलणं नाही. त्यानंतरच्या मेमध्ये तुम्ही दोघांनी इकडे यायचं, पेरणीच्या वेळी. व्हिसाचं मी बघते.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, सोबत एक व्हिडिओ पाठवला आहे. बर्फ वितळतं आहे आणि टाइलमधून पाणी पडतं आहे, तीच नळी, तोच ओढा. आवाज चालू करून ऐका.