आखूड झालेली मेणबत्ती

प्रिय सोनू,
जय ख्रिस्त.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, चारही मेणबत्त्या एकदमच लावल्या तर काय बिघडतं?" कुकरच्या शिट्ट्यांत ते बोलणं राहून गेलं, म्हणून लिहितेय.

काल आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांपैकी, पहिला रविवार झाला. महाद्वार रोडवर जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत. तीन पांढऱ्यांना जांभळी फीत बांधली, एकीला गुलाबी. आजीच्या पितळी ताटात सुरूच्या हिरव्या फांद्यांचं कडं केलं आणि मधोमध ख्रिस्ताची पांढरी उभी केली. संध्याकाळी दिवे घालवून आशेची एकच लावली. पुढच्या रविवारी शांतीची, मग गुलाबी आनंदाची, शेवटी प्रीतीची.

ही रीत मुलांमुळेच आली, माहीत आहे? जर्मनीत हॅम्बर्गला योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? १८३९ साली त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या, मधल्या दिवसांच्या लहान लाल, आणि रोज एक नवी लावायची. किती दिवस राहिले ते मुलांना डोळ्यांनी दिसू लागलं. एकदम लावल्या असत्या तर त्यांना काय कळलं असतं?

बाबा अंथरुणाला खिळले होते ते वर्ष आठव. पहिल्या रविवारी मला प्रार्थनेला शब्दच सुचेनात. नुसती काडी ओढली आणि बसून राहिले. बायबलमधला यशया संदेष्टा अंधारात चालणाऱ्या लोकांना दिसलेल्या मोठ्या प्रकाशाबद्दल बोलतो, पण माझ्यासमोर तर बोटभर ज्योत होती. बाबांचं तोंड दिसण्यापुरता उजेड होता तिचा. त्या रात्री मला तेवढा पुरला.

चौथ्या रविवारी ताटाकडे नीट बघ. चौघी सारख्या उंचीच्या नसतात. आशेची सगळ्यांत आखूड, बाजूला मेणाचा ओघळ साचलेला, कारण ती चारही आठवडे जळलेली असते. प्रीतीची अगदी कोरी. मला ती आखूडच फार आवडते. जवळ दुसरी कुणी नसताना ती एकटी पेटली होती.

तू येईपर्यंत तिघी लागलेल्या असतील. चौथी तुझ्या हातानं लावायची, आणि मधली नाताळच्या रात्री, बाबांच्या हातानं. काडेपेटी ताटाशेजारीच ठेवली आहे.

तुझी,
आई