सूचना : रविवारची बैठक, विषय एड सुलिव्हन

सभासदांना आठवण : येत्या रविवारी संध्याकाळी सहाला बैठक आहे. मागच्या खेपेस निम्मी मंडळी कोऱ्या पाटीने आली, म्हणून थोडं आधीच लिहितो.

सुलिव्हन (जन्म १९०१, न्यूयॉर्क) आधी क्रीडा पत्रकार, मग ‘डेली न्यूज’ या वृत्तपत्रात ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाट्यविश्वावर, लिहिणारा स्तंभलेखक. २० जून १९४८ ला सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीवर त्याचा गाणी, विनोद, कसरती असा विविधरंगी कार्यक्रम सुरू झाला आणि १९७१ पर्यंत दर रविवारी चालला. गंमत अशी की, त्याला ना गाता येई, ना धड बोलता. ताठरलेली मान, आखडलेले खांदे, अडखळती वाक्यं. समीक्षकांनी यथेच्छ टिंगल केली. पण कोण चालेल हे त्याला आधी कळे. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स हा ब्रिटिश बँड कार्यक्रमात आला तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख लोक पाहत होते. प्रायोजकांची नाराजी पत्करून त्याने कृष्णवर्णीय कलाकारांना मंच दिला, यावर मला जास्त बोलायचंय.

१९७४ मध्ये तो गेला; तोवर स्तंभ चालूच होता. टीव्हीवर गेल्यावर लेखणी टाकणाऱ्यांची उदाहरणं ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती आणावीत. वाद होऊ द्या.

येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवा. नुसता अंगठा नको, नाव लिहा.