भिंतीवरचा डिसेंबर

दुबई,
रविवार, १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज बोटीम ॲपवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. फोनवर बाबा पहिल्या वाक्याला ‘बरं, बरं’ म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई लगेच डोळे पुसते आणि बोलणं जेवणावर जातं. म्हणून लिहितोय. घरात बोलायचं कोंकणीत, पण महत्त्वाचं काही असेल तर मराठीत कागदावर लिहून द्यायचं, ही शिस्त बाबांचीच. माईच्या नणंदेचा मुलगा मंगळवारी मोपा विमानतळावर उतरतोय, त्याच्याबरोबर पाठवतो.

बाबा, दुकानात पसऱ्यावर उभ्याने वाचत असाल तर आत जाऊन खुर्चीवर बसा. आईलाही हाक मारा.

मी गुरुवारी राजीनामा दिला. ३१ मार्च शेवटचा दिवस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघंही घरी येतो. सुट्टीवर नाही, कायमचे.

आता पहिली गोष्ट, मला कुणी काढलेलं नाही. साहेबांनी दोनदा बोलावून थांबायला सांगितलं, पगार थोडा वाढवतो म्हणाले. माझंच ठरलं होतं. राजीनाम्याचा मसुदा दिवाळीपासून लॅपटॉपमध्ये पडून होता. दुसरी गोष्ट, पैसे. ऑगस्ट २००७ पासून एकाच कंपनीत असल्यामुळे ग्रॅच्युइटी धड मिळते. पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे वर्षामागे ३० दिवसांचा. सगळं धरून साधारण सतरा महिन्यांचं बेसिक होतं. परक्या माणसाला इथे पेन्शन नाही, व्हिसा नोकरीच्या शेपटाला बांधलेला, त्यामुळे आज ना उद्या निघायचंच होतं. पंचावन्नाव्या वर्षी येऊन मला कोण नोकरी देणार? आज पंचेचाळिसाव्या वर्षी कुंडईच्या वसाहतीत एका औषध कारखान्याने देऊ केली आहे. तेच काम, चिलर आणि हवा शुद्ध ठेवणाऱ्या यंत्रांची देखभाल. पगार इथल्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. पण इथे त्या पगारातला मोठा वाटा घरभाडं आणि बायच्या शाळेची फी खाऊन टाकतात, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. घरातून कुंडईला स्कूटरने पंधरा मिनिटं. दुपारी जेवायला येईन म्हटलं तरी जमेल.

बायचंही वेळेवर बसतं. गोव्यात सहावी ते दहावीचं वर्ष गेल्या सालापासून एप्रिलमध्येच सुरू होतं, आणि तिची सातवी इथे मार्चमध्ये संपते. वर्ष फुकट जात नाही. तुमच्या सुनेने माझ्या आधी मनाची तयारी केली आहे. तिचे स्टीलचे डबे गेल्या आठवड्यातच खोक्यात गेले.

बँकेचं मी आल्यावर बघतो. एनआरई, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं, निवासी खात्यात बदलून घ्यावं लागेल. परकीय चलनातली एफसीएनआर ठेव मुदत संपेपर्यंत तशीच ठेवता येते. बाबा, फोंड्याच्या शाखेत जाऊन आत्तापासून कुणाला काही विचारू नका. तुम्ही विचारलंत की संध्याकाळी म्हार्दोळच्या देवळापर्यंत बातमी जाते.

एवढं लिहून वरचं वाचून पाहिलं तर गिऱ्हाइकाला कोटेशन दिल्यासारखं वाटतंय. आई ओळखणार. लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवण्याआधी मी अशीच कारणं सांगायचो.

खरं सांगतो. बुधवारी संक्रांत होती. तीळगूळ दाखवायला आईने फोन फळीवर टेकवून ठेवला आणि ती डबा आणायला आत गेली. समोर वसरीची भिंत दिसत होती. खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं, गेल्या वर्षाचं, डिसेंबर उघडा. चौदा जानेवारीला! दुधाचा खाडा, गॅसची तारीख, माझ्या फोनची वेळ, माईच्या मुलांचे वाढदिवस, सगळं त्या चौकोनात लिहिणारी आमची आई महिन्याची पहिली तारीख उजाडायच्या आत पान उलटते. विचारलं तर आई म्हणाली, ‘यंदा मेळूंक ना.’ मिळालंच नाही म्हणे. मागून बाबा म्हणाले, ‘कपाटावर गुंडाळून आहे की, दिवाळीलाच आणलं.’ मग तुम्ही दोघंही गप्प.

मला तिथेच कळलं. तो खिळा उंच आहे. मी कालनिर्णयावरच्या गणपतीला मिशा काढल्या म्हणून बाबांनीच तो वर ठोकला होता. पान खालून उलटता येतं, पण खिळ्यापर्यंत हात पोचायला स्टूल लागतं. आणि चवथीला गणपतीवर माटोळी बांधताना बाबांचा पाय स्टुलावरून घसरला, त्याला ‘जरासं लचकलं’ म्हणून तुम्ही माझ्यासमोर मिटवलंत. तेव्हापासून कुणी स्टुलावर चढलेलं नाही, बरोबर? वर्ष बदललं आणि दोन माणसं मान वर करून भिंतीकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. ताबडतोब सांगायला फोन केला तर आई म्हणाली, बाबा बाणस्तारीच्या बाजारात गेलेत. स्कूटर घेऊन. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याने.

तुमच्यामुळे आलो असं कृपा करून मनात आणू नका. आणाल हे माहीत आहे. तसं असेल तर निम्मंच आहे, उरलेलं निम्मं माझ्यासाठी. इथे उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला बंदी असते. छतावरचं काम थांबलं की मी जिन्यात सावलीला बसून तुम्हाला फोन लावायचो. तिकडे दोन वाजलेले. बाबा आडवे झालेले, आई पाटल्या, मागच्या दाराकडे कामात असलेली. अठरा उन्हाळे मी आपलं घर त्या अडीच तासांत पाहिलं. मला आता संध्याकाळीही ते पाहायचं आहे.

बाबा, त्याच खिळ्याला कालनिर्णयामागे कुवेतमधल्या साल्मियाच्या खोलीची किल्ली आहे, तीही त्या दिवशी दिसली. कुणीही काही म्हटलं तरी तुम्ही ती काढलीत नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. १९९० साली मी नऊ वर्षांचा होतो. मुंबईहून रात्रभराच्या बसने तुम्ही आलात तेव्हा दाढी वाढलेली होती, हातात ती एकच रेक्झिनची पिशवी. मी ओळखलं नाही, आईच्या मागे लपलो. तुम्ही खिशातून विमानातल्या साखरेच्या दोन पुड्या काढून दिल्यात, अम्मानहून आणलेल्या. मी त्या फोडल्या नाहीत. शेवटी मुंग्यांनी फोडल्या.

त्यानंतर पसऱ्यावर येणारा जो तो विचारायचा, ‘केन्ना वचप परत?’ परत कधी जायचं? एक वर्ष, दोन वर्षं, मग पसरो चांगला चालायला लागल्यावरही. तुम्ही तराजूकडे बघत ‘पळोवया’, बघूया, म्हणायचात. तो प्रश्न मला आता विचारतील. गल्फहून आलेला माणूस राहायला आलाय, हे आपल्याकडे लवकर कुणाला पटत नाही. मला त्याचं काही वाटणार नाही, असं म्हणत नाही. वाटेल. पण तुम्हाला युद्धाने पाठवलं, मी तिकीट काढून येतोय. विचारलं तर तुम्ही ‘पळोवया’ म्हणू नका, एवढंच. ‘वचना’, जात नाही, म्हणून सांगा.

आता घराचं. आई, रागावू नकोस. माजघराला लागून एक न्हाणीघर बांधायचं ठरवलंय, कमोड आणि धरायला स्टीलचा दांडा असलेलं. रात्री कंदील घेऊन अंगण ओलांडून जायचे दिवस संपले. देवखोलीची भिंत फोडणार नाही, गवंड्याशी बोललोय, तो पाटल्या दाराकडून काढतो. तुझी चूल, तुझा पाटो-रगडो जिथल्या तिथे राहतील. मिक्सर घेतला तरी तू रगड्यावरच वाटणार, माहीत आहे. इन्व्हर्टर बसवू. पावसात चार-चार तास वीज नसते तेव्हा बाबांचा पंखा चालेल. एसी बसवणार नाही, बाबांनी घाबरू नये. एसीवर पोट भरलं म्हणून घरातही तोच पाहिजे असं नाही.

तोपर्यंत एवढं करा. बाबा, फेब्रुवारीत डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या, माझी वाट पाहू नका. माई दोन दिवस येऊन राहील, तिला मी सांगितलंय. सत्तर वर्षांवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. तुम्ही चौऱ्याहत्तरचे, आधार घेऊन जा आणि कार्ड काढा. आईचं पुढच्या वर्षी काढू. स्कूटरची किल्ली आईकडे द्या. बाणस्तारीला जायचं असेल तर बसने, आणि पिशवी एकच. आई, बीपीची गोळी ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नसते, बरं वाटतं ते गोळीमुळेच. गोळ्यांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायचं, रोज. हसू नकोस.

बाय आजीजवळ झोपणार म्हणते. तिला काट्याचा बांगडा खाता येत नाही, आधीच सांगतो. एक वर्ष तू तिला घास निवडून दे, मग शिकेल. मलाही तसंच शिकवलंस.

आणि स्टूल कुणीही बाहेर काढायचं नाही. शेजारच्या पोरालाही चढवू नका, तो धांदरट आहे. डिसेंबर राहू दे तसाच. तारीख बघायला बाबांचं नवप्रभा रोज येतंच. नवं कालनिर्णय कपाटावर गुंडाळलेलंच ठेवा, एप्रिलचं पान मी लावतो.

दोघांच्याही पायावर डोकं ठेवतो.

तुमचा,
बाबू

ता. क. तुळशीकडे जायच्या वाटेवरच्या माडाला सुके नारळ लोंबताहेत, व्हिडिओत दिसले. पाडेल्याला याच आठवड्यात बोलवा. तो जास्त मागेल, घासाघीस करू नका.