धाकटीच्या झोपेची चौकशी करणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या औषधांच्या काउंटरवर मी वजन उतरवण्याच्या गोळ्यांची एक बाटली आणि दुसऱ्या गोळ्यांची अर्धी पट्टी ठेवली होती. दोन्ही धाकट्या बहिणीच्या कपाटात सापडलेल्या. मागे माणसं खोळंबली होती, तरी तुम्ही मला आत बोलावून बसवलंत.

गोळ्या चालतील की नाही, एवढंच तुम्ही सांगाल असं मला वाटलं होतं. तुम्ही आधी तिची चौकशी केलीत. झोप लागते का तिला? छातीत धडधडतं का? घशाला कोरड पडते का? सगळ्याला हो म्हणताना माझाच आवाज बसला. पहाटे तीनला तिच्या खोलीत दिवा असायचा आणि मी समजत होते, अभ्यास करतेय.

बाटलीवर 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलं होतं. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही. तुम्ही सिब्युट्रामिनबद्दल सांगितलंत. भूक मारणारं हे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे 2010 मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून काढलं गेलं, पण 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते लपवलेलं पुन्हा पुन्हा सापडलं आहे. यात तेच आहे असं तुम्ही ठामपणे म्हणाला नाहीत. लक्षणं जुळतात, डॉक्टरांना बाटलीसकट दाखवा, म्हणालात.

पट्टीतल्या गोळ्या जुलाबाच्या होत्या. अन्नातल्या बहुतेक कॅलरी लहान आतड्यातच शोषल्या जातात, या गोळ्यांचं काम मोठ्या आतड्यात चालतं. म्हणजे काट्यावर जे कमी दिसतं ते मुख्यतः पाणी. त्याबरोबर पोटॅशियम जातं, आणि ते फार घटलं तर हृदयाचा ठोका चुकतो. हे ऐकल्यावर मला तिथूनच धावत घरी जाऊन सगळं फेकून द्यायचं होतं.

तुम्ही थांबवलंत. "गोळ्या आजच बंद व्हायला हव्यात, पण तिच्या नकळत नाही. लपवून फेकल्यात तर ती दुसऱ्या मागवेल आणि तुमच्याशी बोलणं बंद करेल." आणि मग विचारलंत, "ती बारीक झाली तेव्हा घरात काय म्हणालात?"

मी म्हणाले होते, किती छान दिसतेस. एकदा नाही, दर वेळी. तुम्ही मला दोष दिला नाहीत, म्हणून तर ते कबूल करता आलं. आपल्या कौतुकाच्या शब्दांनी ती घाबरत गेली असेल, पुन्हा आधीसारखी झाले तर हे कौतुक जाईल म्हणून, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

त्या रात्री मी बाटली आणि पट्टी तिच्यासमोर ठेवून तिच्याजवळ बसले. वजनाचा शब्द काढला नाही. तुला झोप लागत नाही, मला काळजी वाटते, एवढंच म्हणाले. ती आधी चिडली. मग बराच वेळ रडली. बाटली तिनेच माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी ईसीजी आणि रक्ताची तपासणी झाली. पोटॅशियम खरंच कमी निघालं. आता डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. आरशासमोर ती अजून अडकते, काही दिवस जेवणाच्या वेळी खोलीबाहेर येत नाही. त्या दिवसांत मी दाराबाहेर बसून राहते.

तुमच्याबद्दल तिला सगळं सांगितलं आहे. परवा ती म्हणाली, "त्या ताईंना कळव, आता झोप लागते."

तिचा निरोप पोचवते आहे.

तुमची ऋणी,
एक मोठी बहीण