चिनू लॅपटॉपवर बसलाय, पण अभ्यास करतोय का?

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू चिनूबद्दल विचारलंस, "हा पोरगा दिवसभर त्या डबड्यासमोर असतो, मग अभ्यास करतो कधी?" आणि बाबा, तुमचा प्रश्न होता की कोडिंगच्या क्लासवाल्याने ऐंशी हजार सांगितलेत, भरायचे का. दोन्हीचं उत्तर फोनवर नीट देता येईना, म्हणून लिहायला बसले. क्लासचं आधी सांगून टाकते : भरू नका. का, ते ओघात येईलच.

आईच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की लॅपटॉपकडे बघत बसू नका, त्याच्या टेबलावरचे कागद बघा. कॉम्प्युटरचा अभ्यास खरा चालू असेल तर टेबलावर चौकोन, बाण, तक्ते काढलेले, खाडाखोड केलेले कागद पडलेले असतात. स्क्रीन चालू आणि टेबल आठवडाभर स्वच्छ, असं दिसलं तर समजा की पोरगं दुसऱ्याचा कोड उतरवून काढतंय.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झालं ते झालं. ते सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं : गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, ड्रॉइंगच्या शीट, वर्कशॉपमधला जॉब. आपल्या कामाची त्यात एकच गोष्ट, प्रोग्रॅम लिहायची सी भाषा. ती कच्ची राहिली असेल तर आत्ताच कळेल. बाबा, त्याला हे विचारून बघा : ६०० पैकी ४३२ मार्क, टक्केवारी काढणारा प्रोग्रॅम शून्य का दाखवतो? सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांशाचा भाग ती टाकून देते. ४३२ भागिले ६०० म्हणजे ०.७२, त्यातला शून्य तेवढा उरतो. मग त्याला शंभराने गुणून काय होणार! आधी शंभराने गुणावं, नाहीतर एक संख्या दशांशाची करून घ्यावी. चिनूने पाच मिनिटांत उत्तर दिलं तर पाया ठीक आहे. 'भाषा कुठली?' असं त्याने उलट विचारलं, तर पोरगं आपल्यापेक्षा पुढे आहे, कारण पायथन या दुसऱ्या भाषेत तोच भागाकार ०.७२ देतो.

खरी कसोटी या वर्षी आहे, डेटा स्ट्रक्चर्स या विषयात, म्हणजे प्रोग्रॅममध्ये माहिती कशी मांडून ठेवायची त्यात. विद्यापीठाचा पॅटर्न दर काही वर्षांनी बदलतो, विषयांचा क्रम पुढेमागे होतो, पण हा विषय दुसऱ्या वर्षातून हलत नाही. त्यातली लिंक्ड लिस्ट तेवढी सांगते, म्हणजे कागद का लागतो ते समजेल. लहानपणचा खजिन्याचा खेळ आठवा : पहिल्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं दुसरी कुठे आहे, दुसरीत तिसरीचा पत्ता. लिंक्ड लिस्ट म्हणजे हेच. आता मध्ये एक नवी चिठ्ठी घालायची. आधी नवीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता लिहायचा, मगच मागच्या चिठ्ठीत नवीचा. क्रम उलटा झाला तर मागच्या चिठ्ठीतला जुना पत्ता पुसला जातो, आणि त्यावरून नवीत उतरवायला गेलं की तिथे तिचा स्वतःचाच पत्ता येतो. प्रोग्रॅम कुठलीही चूक दाखवत नाही. यादी छापायला सांगितली की तीच चिठ्ठी अखंड छापत बसतो. स्क्रीनकडे बघून पोरं यात दोन-दोन तास घालवतात. तीन चौकोन आणि दोन बाण कागदावर काढले तर चूक समोर येते, कारण बाण स्वतःकडेच वळलेला दिसतो.

बायनरी सर्चचंही तसंच. दहा लाख नावांची यादी अकारविल्हे लावलेली असेल तर मधलं नाव बघायचं, निम्मी यादी टाकायची, पुन्हा मधलं बघायचं. जास्तीत जास्त वीस वेळा बघून नाव सापडतं. एकेक बघत गेलं तर सरासरी पाच लाख. ऐकायला सोपं आहे, पण निम्मी यादी टाकताना ते मधलं नावही टाकायचं असतं. ते विसरलं की शेवटी दोनच नावं उरल्यावर प्रोग्रॅम तिथल्या तिथे घोटाळत राहतो. मोठ्या यादीवर तपासताना ही चूक कधी दिसते, कधी दिसत नाही. दोन नावांच्या यादीवर हाताने करून बघणाऱ्याला मात्र लगेच सापडते.

आई, टेबलावर रंगीत वायरींची भेंडोळी आणि पांढरी भोकांची पट्टी दिसली तर कचरा म्हणून आवरू नकोस. तो डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचा ब्रेडबोर्ड, सर्किट जोडून बघायची पट्टी. दोन आयसी, म्हणजे चिपा, ७४८६ आणि ७४०८, लावून एक अधिक एकची बेरीज करणारं सर्किट हा पहिला धडा. त्याला हाफ ॲडर म्हणतात. ते चालत नसेल तर कारणं ठरलेली असतात. बऱ्याच लांब ब्रेडबोर्डांत कडेची वीजपट्टी मध्यावर तुटलेली असते, आणि पलीकडच्या आयसीला पाच व्होल्ट पोचतच नाहीत. दुसरं म्हणजे मोकळी सोडलेली इनपुट पिन शून्य धरली जात नाही. टीटीएल जातीच्या आयसीत ती एक समजली जाते, म्हणून शून्य हवं तिथे ती ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडावीच लागते. आणि सगळ्यात महागाची चूक : चौदा पिनांच्या बहुतेक साध्या आयसीत सातवी पिन ग्राउंड आणि चौदावी पाच व्होल्टची, हे पाठ झालेलं असतं. पण ७४९० या काउंटरला, म्हणजे मोजणी करणाऱ्या आयसीला, पाच व्होल्ट पाचव्या पिनवर लागतात आणि ग्राउंड दहाव्यावर. सवयीने जोडलं तर काउंटर हलतच नाही, आणि पोरं दिवसभर आयसीला दोष देतात. आयसी काही महाग नसते, पण प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तेवढा वेळ परवडत नाही. प्रत्येक आयसीचा पिनांचा नकाशा हाताने काढून भिंतीवर चिकटवायला सांगा. भिंतीच्या रंगाचं नंतर बघू.

ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटरने कुठलं काम कधी करायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम, या विषयात तक्ते असतात. पोस्टात तीन माणसं उभी आहेत, कामं वीस, चार आणि तीन मिनिटांची. आल्या क्रमाने घेतलं तर थांबण्याची सरासरी पावणेपंधरा मिनिटांच्या आसपास, छोटं काम आधी घेतलं तर सव्वातीन-साडेतीनच्या दरम्यान. पण मग वीस मिनिटंवाला रोजच मागे ढकलला जातो, तेव्हा त्यावरही उपाय शोधावा लागतो. पेपरात अशीच गणितं येतात. आकडेमोड सोपी असली तरी तक्ता न काढता तोंडी केली की चुकतेच. डेडलॉक हा शब्द त्याच्या तोंडी येईल. एकीने पोळपाट धरून ठेवलाय आणि लाटण्याची वाट बघतेय, दुसरीने लाटणं धरलंय आणि पोळपाटाची वाट बघतेय. पोळ्या कोणाच्याच होत नाहीत. 'आधी पोळपाट, मगच लाटणं' असा सगळ्यांसाठी एकच क्रम ठरवला की हा पेच पडतच नाही, आणि पुस्तकातला एक उपाय अक्षरशः हाच आहे.

बाबा, डेटाबेस हा विषय मात्र त्याने तुमच्याकडूनच शिकावा. एका खात्यातून पाच हजार वजा झाले आणि दुसऱ्यात जमा व्हायच्या आत वीज गेली, तर? तुमच्या लेजरमध्ये दोन्ही नोंदी झाल्याशिवाय दिवस बंद व्हायचा नाही. डेटाबेसमध्ये त्यालाच ट्रॅन्झॅक्शन म्हणतात : दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. प्रॅक्टिकलला पोरं इथे फसतात, कारण मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये प्रत्येक वाक्य लगोलग कायम होतं. ट्रॅन्झॅक्शन सुरू करतोय असं आधी सांगितलं नसेल तर मागाहून रोलबॅक, म्हणजे 'झालेलं मागे घे', म्हणून काही परत येत नाही. आणखी एक हुकमी घोटाळा म्हणजे साठ मुलांचा तक्ता आणि आठ विषयांचा तक्ता जोडताना अट लिहायची राहिली की प्रत्येक मुलाला प्रत्येक विषय लागून ४८० ओळी येतात. पोरांना वाटतं भरपूर उत्तर आलं. काढून टाकायच्या आज्ञेत अट विसरली तर काय होईल, ते तुम्हीच ओळखाल.

तिसऱ्या वर्षात नेटवर्क येईल, तेव्हा केबलला प्लग बसवायला शिकवतील. आठ तारा, ठरलेला क्रम : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवीची जोडी अशी फोडलेली बघून शहाणी मुलं ती 'सुधारतात' आणि रंगाला रंग लावतात. टेस्टरवर आठही दिवे लागतात, सगळं छान दिसतं, आणि नेट मात्र रडतखडत चालतं. तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी धरलेली असते. त्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या नसल्या तर शेजारच्या जोडीची गडबड त्यांत शिरते. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन नावाचा एक विषय आहे, ज्याला सगळे घाबरतात. त्यात कॉम्प्युटरच लागत नाही, पेन्सिल लागते. तेवढं पुरे.

आता क्लास. क्लासवाले सहा महिन्यांत वेबसाइट बनवायला शिकवतात. ते शिकू नये असं नाही, पण त्यातली साधनं चार-पाच वर्षांत बदलतात, आणि कँपसच्या मुलाखतीत नव्या पोरांना बहुतेक वेळा वर सांगितलेलंच विचारतात : चिठ्ठ्यांची यादी, डेडलॉक, ट्रॅन्झॅक्शन. हेच विषय एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांकडून फुकट ऐकता येतात. फी लागते ती फक्त परीक्षेला बसायचं असेल तर. तिथे पंचवीस मार्क दर आठवड्याच्या असाइनमेंटचे आणि पंचाहत्तर केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे. दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं, पंचवीसपैकी दहा आणि पंचाहत्तरपैकी तीस. असाइनमेंटची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरत असतात. ती उतरवणारे पंचवीसपैकी चोवीस घेतात आणि केंद्रावर आपटतात.

उतरवण्याचंच निघालंय म्हणून सांगते. हल्ली एआयला विचारलं की मिनिटभरात पूर्ण प्रोग्रॅम मिळतो, जर्नल वेळेवर भरतं, टर्मवर्कचे मार्कही मिळतात. ओरलला बाहेरचा परीक्षक येतो तो प्रोग्रॅम वाचतसुद्धा नाही. 'हाच आता उलट्या क्रमाने लावून दाखव' एवढंच म्हणतो, आणि एक चिन्ह बदलायचं असताना पोराला घाम फुटतो. आई, ही परीक्षा तूही घेऊ शकतेस. चहा देताना म्हणायचं, "काय चाललंय ते मला कागदावर काढून दाखव." तुला समजलं नाही तरी चालेल, तो अडखळतो कुठे तेवढं बघ. एआयकडून चूक शोधून घेणं, न कळलेलं विचारणं याला माझी हरकत नाही. पण आधी अर्धा तास स्वतः झगडून झालेला असावा.

क्रेडिटचा, म्हणजे विषयाच्या वजनाचा, हिशेब बाबांसाठी : आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक. एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८च्या आराखड्यात चार वर्षांची मिळून १६० धरली आहेत. म्हणजे आठवड्याला दोन तासांचं प्रॅक्टिकल एका लेक्चरच्याच मोलाचं. पोरं त्याकडे दुर्लक्ष करतात ते यामुळे, आणि नंतर पस्तावतात. केटी लागलीच, म्हणजे एखादा विषय राहिलाच, तर घर डोक्यावर घेऊ नका, पण ती पुढच्याच संधीला सुटायला हवी. बऱ्याच कंपन्या अडकलेला विषय असेल तर कँपसला बसूच देत नाहीत.

नव्या लॅपटॉपचा विषय तो काढणारच. सोळा जीबी रॅम आणि पाचशे बारा जीबीचा एसएसडी असला की चार वर्षं निघतात. आठ जीबीत विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायला गेलं की मशीन कुंथतं, ही त्याची तक्रार खरी आहे. आहे त्याच लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येते का, ते आधी दुकानात विचारा. महागडं ग्राफिक्स कार्ड हवं, मशीन लर्निंगला लागतं, असं म्हणेल. अभ्यासक्रमापुरतं ते काम गूगल कोलॅब या वेबसाइटवर फुकट होतं. कार्ड गेमसाठी हवंय, हे त्यालाही माहीत आहे.

सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोनपर्यंत दिवा दिसेल, तेव्हा काही बोलू नका, पोहे करून ठेवा. आणि बाबा, माळ्यावर तुम्ही जपून ठेवलेले पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे आहेत ना, ते खाली काढा आणि त्याच्या टेबलावर ठेवा. दिवाळीला येईन तेव्हा किती उरलेत ते बघते.

तुमची
सुमी