वरच्या वाडीतल्या काकींना

प्रिय काकी,
सा. न.

हे गेल्यावर मुंबईची खोली सोडून मी राजापूरकडच्या या घरी राहायला आले. भेटायला येणारा जो तो 'काळ हेच औषध' म्हणून चहा पिऊन जायचा. तुम्ही रातांब्यांची पाटी घेऊन आलात. "रोहिणी लागायला आली. पावसाच्या आत आमसुलं व्हायला हवीत. चल गो."

रातांबे फोडायचे, बी आणि गर मीठ घालून ठेवायचा, सुटलेल्या रसात साली बुडवून उन्हात घालायच्या. संध्याकाळी आत, दुसऱ्या दिवशी पुन्हा रसाचं पुट, पुन्हा ऊन. लालभडक साली काळपट होईपर्यंत हेच. आभाळ भरून आलं की सुपं उचलून धावायचं. बोटं रंगलेली, नखांच्या कडा मिठाने चुरचुरायच्या. त्या दिवसांत मला रात्रीची झोप लागू लागली.

मग आगोटीची, पावसाळ्यापुरती लाकडं भरली, मिरगाची पेरणी झाली, तरवा म्हणजे भाताची रोपं काढून लावणी झाली. कुठल्याच कामात 'बिचारी' म्हणून तुम्ही मला बाजूला बसवलं नाहीत. संक्रांतीला तर भरल्या ओसरीवर सगळ्यांदेखत मला हळदीकुंकू लावलंत. कोणी काही बोललं नाही. तुमच्यासमोर बोलणार तरी कोण!

पण खरं सांगायचंय ते दारच्या हापूसबद्दल. त्या थंडीत आसपासच्या बागा मोहरल्या आणि आमचं झाड नुसतं तांबूस पालवीने भरलं. तेव्हाच नातेवाइकांचे फोन चालू होते, वर्ष होत आलं, आता सावर. मी झाडाकडे बघून रडले. तुम्ही म्हणालात, "गेल्या साली भरभरून दिलंन. हापूस एक साल धरतो, एक साल सोडतो. यंदा पालवी घेतोय, घेऊ दे." माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की कोणी तारीख देऊन बसलेलं नाही.

काकी, तुम्ही मला कामाला लावलंत, पण घाई केली नाहीत. रक्ताच्या माणसांना हे जमलं नाही. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे यंदा धुरात जायचं नाही, असं डॉक्टरांनी तुम्हाला बजावलंय. तेव्हा दोन्ही घरांची भाजावळ, म्हणजे पेरणीआधी तरव्याची जमीन भाजायचं काम, मीच करणार. भाजायला फांद्यांची कवळं तोडून झालीत, शेणही टाकलंय. तुम्ही बांधावर बसून फक्त सांगा.

तुमची,
खालच्या घरची सूनबाई